बांधावरची बोर, शिवारातली शेळी आणि कपाशीवरची कीड
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



उन्हाळा लागला की आपल्या गावात दोन गोष्टी हमखास होतात. बांध पेटतात आणि शेळ्यामेंढ्यांवरून भांडणे होतात. या दोन्ही गोष्टी शेवटी फवारणीच्या खर्चात निघतात. कशा, ते सांगतो.

शिवारातला प्रत्येक किडा आपला वैरी नाही. ढालकिडा मावा खातो. क्रायसोपाची अळी मावा आणि किडींची अंडी फस्त करते. ट्रायकोग्रामा ही टाचणीच्या टोकाएवढी माशी बोंडअळीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. हे आपले बिनपगारी राखणदार. पण कपाशी उपटल्यावर त्यांनी राहायचे कुठे? बांधावर! बोर, निरगुडीच्या फुलांत त्यांना मध मिळतो, खालच्या पाल्यात आसरा मिळतो. तुरीच्या फुलावर येणाऱ्या कित्येक रानमाश्या जमिनीत बिळे करून राहतात. बांध पेटवला की फुले आणि पाल्यातला आसरा जळतो. आणि गुलाबी बोंडअळी? ती पऱ्हाटीच्या ढिगात, किडक्या बोंडात सुखरूप झोपलेली असते.

२००६-०७ च्या सुमारास पिठ्या ढेकणाने कपाशीवर धुमाकूळ घातला होता, आठवते ना? तो आवरण्यात औषधापेक्षा एनेसियस नावाच्या बारीक माशीचा वाटा मोठा होता. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते आणि ढेकूण आतून पोखरला जातो. अशा माशीला सरसकट फवारणी आणि आग, दोन्ही मारक.

मग बांधावर जनावर फिरकूच द्यायचे नाही का? तसेही नाही. चराई अजिबात नसेल तर उंच गवत माजते आणि बारीक फुलझाडे दबतात. चराई अति झाली तर फूलही नाही, सावलीही नाही. उघड्या जमिनीवर मोजकेच किडे तगतात. मधल्या चराईत उंच-बुटके गवत, मोकळी माती, झुडूप असे सगळे राहते आणि तऱ्हेतऱ्हेचे किडे नांदतात. गाय आणि मेंढी मुख्यतः गवत खातात, शेळी झुडपाचा पाला ओरबाडते. म्हणून एकाच बांधावर रोज शेळ्या नकोत. काटेरी बोर मात्र राखा. तिच्या काट्यांच्या आड गवत आणि फुले वाचतात.

जनावराचे शेण मातीत नेणारे शेणकिडेही आपलेच. आयव्हरमेक्टिनसारखे जंताचे औषध दिले की त्याचा अंश काही दिवस शेणात उतरतो आणि शेणकिड्याच्या अळ्या मरतात. ते औषध डॉक्टरांना विचारून, गरजेपुरतेच द्या.

शेळ्यामेंढ्यांची खरी जागा शेवटच्या वेचणीनंतरच्या कपाशीत आहे. उरलेली हिरवी, किडकी बोंडे त्या खातात आणि आतली गुलाबी अळीही जाते. वर लेंडीखत मिळते ते वेगळे. मेंढ्या बसवण्याची आपली जुनी रीत शहाणपणाचीच होती. फक्त नुकत्याच फवारलेल्या शेतात जनावर सोडू नका.

बांध राखला म्हणून बोंडअळी संपेल, असे मी म्हणत नाही. २०१७ साली गुलाबी अळीने काय केले, ते आपण भोगले आहे. फरदड बंद करावीच लागेल, पऱ्हाटीचा ढीग पावसाळ्याआधी हलवावाच लागेल. बांधावरचे सगळेच राखायचे, असेही नाही. पेटारी आणि गाजर गवतावर पिठ्या ढेकूण वाढतो, ती उपटा. कपाशीभोवती ज्वारीच्या दोन ओळी टाका. ज्वारीवरच्या माव्यावर ढालकिडे वाढतात आणि तेच पुढे कपाशीत उतरतात.

तेव्हा गावी गेल्यावर शेळ्या राखणाऱ्या बाया आणि मेंढपाळ यांना सोबत घेऊन बसा. कोणता बांध कधी चारायचा आणि कोणाच्या कपाशीत मेंढ्या कधी बसवायच्या, याच्या पाळ्या ठरवा. आणि यंदा बांधाला काडी लावायची नाही, हे तिथेच पक्के करा.