वारा, वेग आणि ब्रेक

श्रोतेहो, झरीहून परभणीला सायकलने जाताना वारा समोरून असला, म्हणजे पाय कसे भरून येतात ते तुम्हांला सांगायला नको. पण उतारावर तीच सायकल आवरायची झाली, तर हाच वारा मदतीला येतो. शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्यांना वाऱ्याच्या या दोन्ही गुणांचा हिशेब धरावा लागतो.

ब्रेक करतो काय? घर्षणाने गतीची उष्णता करतो. वेग दुप्पट असला, की थांबताना उष्णता चौपट निघते. ती काढून न्यायला वारा हवा. पण त्याला मोटारीत वाट द्यावी, तर तोच मोटारीला मागे ओढतो.

जुने ब्रेक ड्रमचे, बंद डब्यासारखे. फार तापले की पकड ढिली पडे. १९५३ साली फ्रान्समधील ल माँ येथे चोवीस तासांची शर्यत जग्वारने जिंकली, ती उघड्या चकतीच्या ब्रेकवर. मर्सिडीजचे ब्रेक ड्रमचेच होते. म्हणून १९५५ साली तिथे त्यांनी चालकाच्या पाठीमागे पत्र्याची मोठी झडप बसवली. ती उभी केली की वाराच ब्रेक होई!

१९७० साली लोटस कंपनीने पाचरीच्या आकाराची मोटार काढली. पुढचे ब्रेक चाकांतून काढून आत धडात घेतले, त्यांच्यासाठी नाकाडावर वाऱ्याच्या वाटा ठेवल्या. चाके हलकी झाली. पण आता ब्रेकचा जोर एका दांड्यातून चाकापर्यंत जायचा. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझा येथे सराव चालू होता. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून योखेन रिंट यांच्या मोटारीचे पंख उतरवले होते. वळणापूर्वी ब्रेक लावताना मोटार भरकटली, कठड्यावर आदळली आणि रिंट गेले. ब्रेकचा दांडा मोडला होता, असे तपासात निघाले. कठडेही नीट बसवलेले नव्हते. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले.

आज फॉर्म्युला वन मोटारींचे ब्रेक चाकांतच असतात. चकत्या कार्बनच्या, आणि वारा नळ्यांतून मोजूनमापून आणलेला: गरजेपुरता, जास्त नाही.

गुरुजी, मुलांना तळहात जोराने घासायला लावा, मग त्यांवर फुंकर घालायला सांगा. धडा तेवढ्यात कळेल. आणि ट्रॅक्टरवाल्या मंडळींनो, भरली ट्रॉली घेऊन लांब उतार लागला, तर आधीच खालचा गिअर टाका. ब्रेक सतत दाबून धरू नका. तापलेल्या ब्रेकला निवायला उसंत लागते. ती शर्यतीत लागते, तशी आपल्या रस्त्यावरही.