छायाचित्रांतलं म्हातारपण

इंटरनेटवर वृद्धांचा फोटो शोधा. काठीवर टेकलेले सुरकुतलेले हात हमखास दिसतील, बरेचदा चेहऱ्याशिवाय. माणसाचा चेहराच वगळणं मला फार खटकतं. अमेरिकेतल्या ‘एएआरपी’ या ज्येष्ठांच्या संस्थेने ऑनलाइन माध्यमांतली हजाराहून अधिक छायाचित्रं तपासली. पन्नाशीपुढची माणसं फोन, संगणक हाताळताना 5 टक्क्यांहूनही कमी चित्रांत दिसली. मग 2019मध्ये ‘गेटी इमेजेस’च्या साथीने संस्थेने 1,400हून अधिक नवी छायाचित्रं आणली, त्यांत माणसं धंदा सांभाळतात, व्यायाम करतात, मित्रमंडळींत रमतात. ब्रिटनमधल्या ‘सेंटर फॉर एजिंग बेटर’चा असा संग्रह तर मोफत आहे. तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पत्रकासाठी मात्र संघातल्याच आजी-आजोबांचे फोटो, त्यांना विचारून, चेहऱ्यासकट आणि नावानिशी छापा.