पाण्याची खोली आणि पाण्याचा गुण



हैदराबादेत नामपल्लीच्या पायाखाली जो ग्रॅनाइट खडक आहे, त्याच जातीचा खडक शेजारच्या नळगोंडा जिल्ह्यात पसरला आहे. तेथील भूजलातील फ्लोराइडमुळे दात डागाळणे, पाठ ताठरणे, पाय वाकणे हे कित्येक पिढ्यांनी भोगले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत शोधली. तिला नाव मिळाले ते नळगोंड्याचेच.

महाराष्ट्रात १९७२ साली भूजल सर्वेक्षण यंत्रणा स्थापन झाली. निरीक्षण विहिरींच्या नोंदींवरून पाणी किती खोल आहे याचा नकाशा तयार होतो. पण ते पिण्याजोगे आहे काय, हे त्यावरून कळत नाही. खोलवरचे पाणी खडकाशी दीर्घकाळ संलग्न राहते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतही फ्लोराइड आढळले आहे. बोअरला पाणी लागले की गावात नारळ फुटतो. तपासणीच्या अहवालासाठी मात्र कोणी थांबत नाही.

फ्लोराइड डोळ्यास दिसत नाही, उकळूनही जात नाही. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक असल्यास ते पाणी त्याज्य होय. नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा. तिच्यावर विहिरीचा क्रमांक, खोली व तारीख लिहावी. सदोष ठरलेल्या हातपंपाचे पाणी धुण्याभांड्यास चालेल. पिण्यास व स्वयंपाकास नाही.