माल्टा बेटावरील सुट्टी

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त तळेगाव ढमढेरे येथे दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हास झाली, ती आम्ही आनंदाने शिरोधार्य मानतो. सुट्टीत हवापालटासाठी कोणी महाबळेश्वरास जातात, कोणी गोव्यास, कोणी वेलांकण्णीच्या यात्रेस. हल्ली नोकरीनिमित्त परदेशी राहणारी मुले आपल्या आईबापांस दूरदूरच्या देशांतही बोलावून घेतात. अशा सुट्टीतून माणसाने घरी काय आणावे, याचा विचार आज करावा असे आमच्या मनात आहे. आणि त्यासाठी भूमध्य समुद्रातील माल्टा या चिमुकल्या बेटाचा दाखला आम्ही घेतला आहे.

सिसिलीच्या दक्षिणेस असलेली माल्टा, गोझो व कोमिनो ही बेटे मिळून अवघी ३१६ चौरस किलोमीटर भरतात. आपल्या शिरूर तालुक्यात असे चार देश सहज मावतील. परंतु गोझो बेटावरील जगंतिया येथील पाषाणमंदिरे ख्रिस्तपूर्व ३६०० च्या सुमारास उभारली गेली. म्हणजे इजिप्तमधील गिझाच्या पिरॅमिडांहून ती सुमारे हजार वर्षांनी जुनी होत. शिळा इतक्या प्रचंड, की त्या एका राक्षसिणीने रचल्या अशी कथा तेथील लोक सांगत आले.

या बेटाचा सर्वांत नामांकित पाहुणा मात्र सुट्टीसाठी आला नव्हता. तो बंदिवान होता. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या शेवटच्या दोन अध्यायांत ही हकीगत आपण वाचतो. संत पौलास रोमला नेणारे गलबत वादळात सापडून चौदा दिवस भरकटले आणि या किनाऱ्यावर फुटले. गलबतावरील २७६ माणसांपैकी एकही दगावला नाही. पाऊस व थंडी होती म्हणून बेटवासीयांनी शेकोटी पेटवून त्या भिजलेल्या परक्यांस जवळ घेतले. पुब्लियाने तीन दिवस पाहुणचार केला. तीन महिन्यांनी ते निघाले तेव्हा लोकांनी त्यांच्या गरजेच्या वस्तू गलबतावर भरून दिल्या. या प्रसंगाचा सण तेथे आजही १० फेब्रुवारीस थाटाने होतो. ज्यास साधेल त्याने त्या सुमारास जावे. कडक उन्हाळ्याचे जुलै व ऑगस्ट टाळून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलेलेही बरे.

या बेटाने संकटेही पुष्कळ सोसली. सन १५५१ मध्ये तुर्कांच्या आरमाराने गोझो लुटले आणि तेथील बहुतेक सर्व रहिवाशांना गुलाम करून नेले. हे वाचताना आम्हास आपल्याच गावाची आठवण होते. बरोबर दोनशे वर्षांनी, सन १७५१ मध्ये, सलाबतजंग व फ्रेंच सेनापती बुसी यांच्या फौजेने रांजणगाव लुटले आणि तळेगाव ढमढेरे उद्ध्वस्त केले. गोझो पुन्हा वसले. वेळ नदीकाठचे आपले तळेगावही पुन्हा वसले. फरक एवढाच, की गोझोतील शाळकरी मुलास १५५१ हे साल ठाऊक असते. आपल्या मुलांपैकी कितींना १७५१ ठाऊक आहे?

सन १५६५ मध्ये तुर्कांनी माल्टाला वेढा घातला. संत योहानाच्या सरदारांनी व बेटावरील सामान्य जनांनी तो जवळजवळ चार महिने सोसला. वेढा उठल्याचा दिवस ८ सप्टेंबर, म्हणजे आपल्या पवित्र मारियामातेचा जन्मदिन, हा तेथे विजयाचा दिवस म्हणून पाळतात. दुसऱ्याच वर्षी सरदारप्रमुख ला व्हालेत याने नव्या नगराची कोनशिला बसविली. तेच आजचे राजधानीचे शहर व्हॅलेटा. बेटावर नदी नाही, म्हणून या नगरातील प्रत्येक घराखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके खोदले पाहिजे, असा नियम करण्यात आला. दुष्काळ ज्यांनी सोसला आहे त्या शिरूरकरांस या नियमाचे मोल निराळे सांगावयास नको.

व्हॅलेटाच्या बंदराशी आपल्या मुलुखाचाही संबंध आला आहे. सन १८७८ मध्ये रशियाला धाक दाखविण्यासाठी ब्रिटिश सरकारने सुमारे सात हजार हिंदी फौज माल्टाला धाडली. तीत मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणी होत्या, तसेच बॉम्बे सॅपर्सही होते. या सॅपर्सचे केंद्र आजही पुण्यास खडकीत आहे. लढाई झाली नाही व फौज पुढे सायप्रसला गेली. त्या शिपायांपैकी किती जणांनी आपण पाहिलेले लिहून ठेवले असेल? लेखणी ज्यांच्या हाती नव्हती, त्यांचे अनुभव त्यांच्याबरोबरच मातीत गेले.

दुसऱ्या महायुद्धात बेटावर बॉम्बचा वर्षाव झाला. ९ एप्रिल १९४२ रोजी मोस्टा येथील ख्रिस्तमंदिराचा घुमट भेदून एक बॉम्ब प्रार्थनेस जमलेल्या शेकडो भाविकांमध्ये पडला. परंतु तो फुटला नाही. त्या बॉम्बची प्रतिकृती तेथे जपून ठेवली आहे व ती पाहण्यास प्रवासी जातात.

माल्टाची भाषाही मोठी उद्बोधक आहे. ती अरबीच्या कुळातील असून रोमन लिपीत लिहितात. हे कॅथोलिक लोक देवाला ‘अल्ला’ म्हणतात आणि आपल्या उपवासकाळाला ‘रांदान’. परक्यांची सत्ता शतकानुशतके चालली, तरी प्रार्थनेची बोली त्यांनी टाकली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सन १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापविले, त्या परंपरेतील आपणांस हे सहज उमजावे.

बंधुभगिनींनो, सन २०२४ मध्ये या बेटांवर पस्तीस लाखांहून अधिक प्रवासी गेले. त्यांतील पुष्कळ जण निळ्या पाण्यात डुंबून परतले असतील, आणि त्यातही वावगे काही नाही. श्रमलेल्या देहास विसावा हवाच. परंतु गोझोच्या किनाऱ्यावरील प्रसिद्ध खडकाची कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली. लाटांपुढे तो खडक टिकला नाही. मात्र शेकोटीची कथा, वेढ्याचा दिवस, घुमटातून पडलेला बॉम्ब हे सारे टिकले. कारण ते दरवर्षी मुलांस सांगणारे कोणी तरी घरोघर होते.

सुट्टीवरून आणावयाची वस्तू हीच होय. माल्टाला जाणे थोड्यांनाच घडेल. पण गावाकडे त्या दृष्टीने पाहणे सर्वांस शक्य आहे. आपल्या धर्मग्रामातील वृद्ध मंडळी आज आपल्यात बसली आहेत. कोणत्या वाडीत प्रथम प्रार्थना झाली, दुष्काळात कोणी कोणास धान्य दिले, हे त्यांस ठाऊक आहे. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांचे कागद पिवळे पडत आहेत. येत्या सुट्टीत प्रत्येक घरातील एका मुलाने आजी-आजोबांजवळ बसून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, आणि त्या वह्यांच्या नकला करून ठेवाव्यात, एवढीच आमची विनंती आहे. ज्युबिलीचा मंडप उद्या उतरेल. असे लिहिलेले पान मात्र पुढील ज्युबिलीस उपयोगी पडेल.

 परमेश्वर या धर्मग्रामाचे कल्याण करो.