टेबल येथे, यंत्र तेथे



मोठ्या कचेरीत आपण गेलो, तर कारकुनाच्या टेबलावर पडदा, कळफलक आणि डब्याएवढी एक पेटी दिसते. पाहणाऱ्यास वाटते, हाच संगणक. पुष्कळदा तो तसा नसतो. काम करणारे यंत्र दूरच्या थंड खोलीत असते. टेबलावर येते ते त्याचे चित्र. कळ दाबली की तेवढी खूण तिकडे जाते आणि बदललेले चित्र परत येते. यालाच आभासी डेस्कटॉप म्हणतात.

ही कल्पना अगदीच नवी नव्हे. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत कोर्बातो यांनी एका महागड्या यंत्राचा वेळ अनेकांत वाटून दाखविला होता. पुढे प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळाला. माणसे मोकळी झाली, व्यवस्थापक मात्र अडकले. पाच हजार टेबले म्हणजे पाच हजार दुरुस्त्या! १९९५ साली सिट्रिक्सचे विनफ्रेम आले. त्यात एकच विंडोज अनेकजण वापरीत. सामाईक स्वयंपाकघरच म्हणा ना, एकीचे दूध उतू गेले की सर्वांना धूर. २००६ च्या सुमारास व्हीएमवेअरने ज्याचे त्याला स्वतंत्र बिऱ्हाड देण्याची रीत पुढे आणली.

तिचे मर्म असे की, सर्व बिऱ्हाडे एकाच मूळ प्रतीवरून उभी राहतात. त्या प्रतीत दुरुस्ती केली की दुसऱ्या दिवशी ती सर्वांकडे पोहोचते. मात्र सकाळी साडेनऊला हजारो लोक एकदम कामाला बसले म्हणजे मध्यवर्ती यंत्रांचा श्वास कोंडतो. म्हणून जाणते व्यवस्थापक ती अगोदरच चालू करून ठेवतात. अंतराचाही प्रश्न आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटरच्या जाण्यायेण्यास दहा मिलिसेकंद लागलेच, मार्गातील यंत्रांचा विलंब निराळा. टंकलेखन निभते, पण नकाशा काढणारा वैतागतो.

हे स्वस्त पडते, असे विक्रेते सांगतात. आम्हांस ते पटत नाही. मध्यवर्ती यंत्रे आणि परवाने यांत बचत बरीचशी जिरते. खरा लाभ ताब्याचा आहे. टेबलावरची पेटी चोरीस गेली तरी खातेदारांची माहिती जात नाही. २०२० च्या साथीत कित्येकांनी घरूनच कचेरीचा पडदा उघडला. पण दार एकच असले की चोरालाही तेच पुरते: २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या घटकातील दोष उघड होताच व्हीएमवेअरच्या होरायझन सर्व्हरांवर हल्ले झाले. मालकही बदलतात. २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली, आणि २०२४ मध्ये तिचा हा विभाग विकला जाऊन ऑम्निसा झाला. ज्यांची सारी टेबले त्यावर उभी, त्यांना कोणी विचारले?

आणि कारकुनाला तरी कोण विचारतो? काही ठिकाणी त्याचे बिऱ्हाड रोज रात्री पुसले जाते. त्याने खटपटीने बसविलेला मराठी कळफलक दुसऱ्या सकाळी नाहीसा! त्याच्या आवडीनिवडी वेगळ्या जपून प्रवेशाच्या वेळी जोडता येतात; ते साधन आहे, पण ते कोणी तरी मागावे लागते. म्हणून नवी प्रत आधी तीसएक टेबलांवर द्यावी, आठवडाभर पाहावे, जुनी प्रत हाताशी ठेवावी. आणि त्या तिसांत मुख्य कचेरीतले साहेबच नकोत, रोज मराठीत टंकणारा, तालुक्याच्या शाखेतला, मंद तारेवरचा एकजण तरी असावा.