समाजशास्त्राचा पहिला धडा

समाजशास्त्र म्हणजे काय, असे नवा विद्यार्थी विचारतो तेव्हा आम्ही त्याला व्याख्या सांगत नाही. १९१९ साली मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांनी या विषयाचा विभाग सुरू केला, पुढे मालवणात जन्मलेल्या डॉ. घुर्ये यांनी तो नावारूपास आणला. एवढे परीक्षेपुरते पुरे.

आम्ही त्याला नवापूरजवळची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे दाखवितो. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी ती उठविण्यात आली. घर केवढे, जमीन किती गुंठे, हे यादीत लिहिता येते. पण होडीत कोण कोणाचा भागीदार, बाजाराला निघालेली बाई तान्हे मूल कोणाच्या ओटीवर ठेवून जाते, हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? घर दुसरीकडे बांधून देता येते. तो ओटा शेजारी येईलच असे नाही. नेमके हेच नाते आमच्या शास्त्राने पाहावयाचे असते.

म्हणून नवापूरच्या मुलांना आमचे सांगणे असे, की या सुट्टीत आपल्याच आळीतील दहा घरी जा. (वही लगेच उघडू नका, माणसे गप्प होतात.) प्रथम आजीबाईंना विचारा, लग्नाचे पहिले बोलावणे कोणाकडे जाते, आणि का.