दुसऱ्या प्रयोगाचे उत्तरदायित्व



विनोदकारांच्या संमेलनाचे अध्यक्षपद स्वीकारणाऱ्याने भाषण विनोदी करावे अशी सार्वत्रिक अपेक्षा असते, आणि ती बहुधा त्याच्या इच्छेविरुद्ध, त्याच्या अत्यंत गंभीर परिच्छेदांत सफळ होते. तेव्हा त्या दिशेने मी वेगळा प्रयत्न करीत नाही. आपल्या व्यवसायावर एक जुनी फिर्याद आहे आणि तिची कैफियत देण्याचे आपण पिढ्यान्‌पिढ्या टाळत आलो आहोत. ती आज दप्तरातून बाहेर काढावी, एवढाच माझा मनोदय आहे. प्रेक्षक आपल्या विनोदाला हसले, आणि हसून झाल्यावर त्याच विनोदाच्या आधारावर बाहेर जाऊन काही भलतेच करून बसले, तर त्या कृत्याचे धनी कोण?

यावर आपले दोन जबाब नेहमी तयार असतात. कोणी गौरव करू लागला, की श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'पासून मराठी विनोदाने रूढींची तटबंदी कशी खिळखिळी केली याचा पाढा आपण वाचतो. आणि कोणी दोष देऊ लागला, की 'अहो, गंमत केली, एवढे काय मनावर घेता?' असे म्हणून हात झटकतो. समाज सुधारला तर ती रक्कम आमच्या नावे जमा आणि बिघडला तर प्रेक्षकाच्या नावे खर्च, अशी खतावणी कोणत्याही पेढीवर चालायची नाही. विनोदाला परिणाम असतो की नसतो, हे एकदा ठरवले पाहिजे.

या प्रश्नाचा माझ्या माहितीतला सर्वांत जुना दाखला अथेन्सचा आहे. इ. स. पूर्व ४२३ च्या डायोनिसस-उत्सवातील नाट्यस्पर्धेत ॲरिस्टोफेनीसने 'मेघ' नावाचे प्रहसन सादर केले. मुलाच्या घोड्यांच्या नादापायी कर्जबाजारी झालेला, रात्रभर अंथरुणात तळमळणारा एक म्हातारा, सावकारांना वादात हरवण्याची युक्ती शिकण्यासाठी सॉक्रेटीसच्या पाठशाळेत जातो. तेथे गुरुमहाराज टोपलीत बसून आकाशात लोंबकळत आहेत आणि पिसवेने स्वतःच्या किती पावलांएवढी उडी मारली, याचे मेण वापरून मोजमाप चालले आहे. विद्या अखेर मुलगा शिकतो, बापाला बदडतो, आणि बापाला बदडणे न्याय्य कसे, हेही सिद्ध करून दाखवतो. परीक्षकांनी या नाटकाला तिसऱ्या क्रमांकावर ढकलले. पुढे चोवीस वर्षांनी, इ. स. पूर्व ३९९ मध्ये, सत्तरीच्या सॉक्रेटीसवर तरुणांना बिघडवल्याचा आणि नगराच्या देवतांना न मानल्याचा आरोप ठेवण्यात आला. प्लेटोने शब्दबद्ध केलेल्या बचावाच्या भाषणात सॉक्रेटीस सांगतो, की समोर उभ्या असलेल्या फिर्यादींपेक्षा जुन्या फिर्यादींचे मला अधिक भय वाटते. कारण तुम्ही न्यायाधीश लहान असतानाच त्यांनी तुमचे कान भरले आहेत, आणि त्यांच्यापैकी नाव घेता येईल असा इसम एकच, तो म्हणजे एक प्रहसनकार. अवघी तीस मते इकडची तिकडे झाली असती, तर तो सुटला असता.

आता न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे, की या निकालाची कारणे नाटकाबाहेर पुष्कळ होती. अथेन्स युद्ध हरले होते, 'तीस जुलुमशहां'च्या राजवटीत नागरिकांच्या हत्या झाल्या होत्या, आणि त्या राजवटीचा म्होरक्या क्रिटियस एके काळी सॉक्रेटीसच्या सहवासात वावरलेला होता. शिवाय प्लेटोच्याच दुसऱ्या एका संवादात ॲरिस्टोफेनीस आणि सॉक्रेटीस एकाच मेजवानीत पहाटेपर्यंत गप्पा मारीत बसलेले दिसतात. त्यांच्यात वैर असल्याचे तेथे चिन्हही नाही. आणि याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे, 'मेघ'च्या आदल्याच वर्षी याच नाटककाराने 'घोडेस्वार' नाटकात क्लिऑन या तत्कालीन पुढाऱ्याची अशी यथेच्छ विटंबना केली, की परीक्षकांनी त्याला पहिले बक्षीस दिले. आणि लवकरच अथेन्सच्या नागरिकांनी त्याच क्लिऑनला सेनापती निवडले! ज्या विनोदाने काही घडावे अशी लेखकाची मनापासून इच्छा होती त्याने काहीच घडले नाही, आणि जो कदाचित केवळ बक्षिसासाठी रचला होता तो एका माणसाच्या बचावाच्या भाषणात पहिला आरोप म्हणून अवतरला.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे मला असे दिसते, की विनोद प्रेक्षकाच्या मनात इच्छा उत्पन्न करीत नाही. असलेल्या इच्छेला तो परवाना देतो. क्लिऑनचा त्याग करण्याची अथेन्सकरांची इच्छा नव्हती, म्हणून तो परवाना त्यांनी वापरला नाही. विचार करावयास लावणाऱ्या माणसाचा कंटाळा मात्र त्यांना पूर्वीपासून होता. आपल्या प्रेक्षागृहात कोणत्या इच्छा दबा धरून बसल्या आहेत हे लेखकाला लिहिताना कसे कळावे, हा आक्षेप मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु पहिल्या प्रयोगात हशा कोठे आला, कोणत्या बाकांवरून आला, कोणावर आला, हे त्याने कानांनी ऐकलेले असते. त्याचे उत्तरदायित्व तेथून, म्हणजे दुसऱ्या प्रयोगापासून सुरू होते.

ॲरिस्टोफेनीसला ही दुसरी संधी मिळाली होती. आज आपण वाचतो ते 'मेघ' मूळ प्रयोगाची संहिता नव्हे, लेखकाने नंतर फेरफार केलेली, पुन्हा रंगभूमीवर न आलेली संहिता आहे; आणि प्राचीन टिपणकार सांगतो, की जे भाग त्याने नव्याने घातले त्यांत शेवटचा प्रवेश आहे: म्हातारा मशाल घेऊन पाठशाळेच्या छपरावर चढतो आणि आतल्या माणसांसकट ती पेटवून देतो. पहिल्या संहितेबद्दल मी त्याला बिनशर्त दोषमुक्त करीन. ही आग मात्र मला त्याला माफ करवत नाही.

आपल्याकडचा दाखला घ्यावयाचा तर 'एकच प्याला'चा घ्यावा. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर. म्हणजे तळीरामाला महाराष्ट्र कसा हसला, हे त्यांच्या कानी कधीच आले नाही. मद्यपानाविरुद्ध लिहिलेल्या नाटकातला हा इसम मद्यपींचा लाडका व्हावा, वर्षअखेरच्या रात्री नाकाबंदीत सापडलेल्यांना वर्तमानपत्रांनी कौतुकाने त्याच्या नावे ओळखावे, याचा जाब गडकऱ्यांना विचारणे अन्यायाचे होईल. तो नटांना विचारावा. जिल्ह्याच्या गावी झालेल्या एका प्रयोगात नाटकातल्या मद्यपींच्या आर्यमदिरामंडळाच्या बैठकीतले एक वाक्य तळीरामाने टाकले, आणि पिटातून शीळ आली. त्या नटाने पुढचे वाक्य गिळले, प्याला प्रेक्षकांकडे उंचावला, आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले. दुसरी शीळ पहिलीहून मोठी आली. नंतर दारुड्या पतीपायी हाल सोसणाऱ्या सिंधूचा प्रवेश सुरू झाला तरी मागच्या बाकांवर काल्पनिक प्याले उंचावलेलेच होते. याच्या उलट, दुसरा एक नट त्याच जागी प्याला ओठांशी नेताना थरथरणारे मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरीत असे. हशा त्यालाही येई, पण तो अर्ध्यावर थबके. संहितेतला काना-मात्राही त्याने बदलला नव्हता.

सरकारने या बाबतीत पडावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. कलकत्त्यात ब्रिटिश युवराजांच्या भेटीची टवाळी करणाऱ्या एका प्रहसनावरून १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा जन्मास आला, आणि संहिता आधी तपासून परवानगी देण्याची वहिवाट महाराष्ट्रात पुढेही टिकली. परंतु तपासनिसाच्या मेजावर शब्द येतात, हशा येत नाही. वर सांगितलेल्या दोन्ही तळीरामांना त्याने एकाच शिक्क्याने मंजुरी दिली असती.

म्हणून ठराव मांडण्याऐवजी मी एक विनंती करतो. उद्याच्या परिसंवादात रंगभूमीवरील मंडळींनी गाजलेले हशे सांगू नयेत, ते आम्हांस पाठ आहेत. हमखास येणारा असा कोणता हशा आपण दुसऱ्या प्रयोगात जाणूनबुजून सोडून दिला, आणि त्यावर नाटक मंडळीच्या मालकाने काय म्हटले, तेवढे सांगावे. लेखकांनी दुसऱ्या आवृत्तीविषयी तसेच सांगावे. ज्यांना असा एकही हशा आठवणार नाही त्यांनीही अवश्य यावे. खुर्च्या पुष्कळ मांडल्या आहेत.